वणवा मे महिन्याची वाट बघत नाही: सह्याद्रीच्या कोरड्या डोंगरांत या चुका टाळा

फेब्रुवारी सरता सरता हवामान खातं मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतं, आणि पारावर एकच प्रश्न सुरू होतो: यंदा ऊन किती? पाण्याची, जनावरांची काळजी त्यातूनच येते आणि ती रास्त आहे. पण त्या दिवशी मान वर करून समोरच्या डोंगराकडेही बघा. भोर, वाई, पुरंदर, जुन्नरच्या बाजूला गवत कधीच वाळून पिवळं पडलेलं असतं. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा मानतो, म्हणजे अंदाज हातात येईपर्यंत हंगाम सुरू झालेला असतो.

पहिली चूक इथेच होते: पारा बघून धोका ठरवायचा. खात्याच्या व्याख्येप्रमाणे उष्णतेची लाट म्हणायला सपाटीवर किमान ४० अंश आणि डोंगराळ भागात किमान ३० अंश लागतात, शिवाय तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावं लागतं. हा निकष माणसाच्या जिवासाठी आहे, गवतासाठी नाही. ३४-३५ अंशांच्या साध्या दुपारीही अख्खा डोंगर जळून जातो. आपल्या घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात दुपारची हवा सर्वात कोरडी असते ती मार्चच्या आसपास. मे उजाडतो तसा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर थोडा दमटपणा येऊ लागतो. म्हणून "अजून कुठे ऊन तापलंय" असं म्हणत मार्च काढणारं गाव नेमके धोक्याचे दिवस गाफील घालवतं.

मोबाइलवर तालुक्याचं तापमान बघता, तसं दुपारच्या आर्द्रतेचा आणि वाऱ्याचा आकडाही बघा. तीन महिन्यांचा अंदाज मोठ्या प्रदेशासाठी असतो, तुमच्या डोंगराबद्दल तो काही सांगत नाही. दर गुरुवारी निघणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज आणि रोजचा अंदाज जास्त कामाचा. त्याहून सोपी परीक्षा हाताशी आहे. मूठभर गवत चुरगाळा. कडकड वाजून त्याचा भुगा झाला तर त्या दिवशी डोंगराजवळ काडीसुद्धा ओढायची नाही.

"यंदा पाऊस चांगला झालाय, वणव्याची भीती नाही" हेही दरवर्षी ऐकतो. उलट आहे. पाऊस चांगला झाला की गवत गुडघ्याऐवजी कमरेला लागतं, आणि वाळल्यावर तेवढंच जास्त जळण उभं राहतं. त्यात अनेक गावांत जनावरं कमी झाली, गवत कापून आणणारे हात कमी झाले. पूर्वी गंजीत जायचं ते गवत आता डोंगरावरच उभं असतं. चांगल्या पावसानंतरच्या वर्षी दिवाळी झाली की गवतकापणी लावा, निदान गावठाण, बागा आणि रस्त्याच्या कडेची.

आता सर्वात जुनी आणि सर्वात महाग चूक. डोंगर जाळला की पुढच्या पावसाळ्यात गवत जोमाने येतं, ही समजूत. मी हे माझ्याच घरात ऐकत वाढलो आणि खरं मानत होतो. जळालेल्या जागी पहिल्या पावसानंतर कोवळे हिरवे फुटवे उठून दिसतात, कारण खाली काळी राख असते आणि वरचं वाळकं गवत गेलेलं असतं. फूट पावसाने येते, आगीने नाही. आगीने जातं ते वेगळंच: पृष्ठभागावरचं बी, पालापाचोळ्याचं पांघरूण, करवंदीचा मोहोर, जांभूळ-हिरड्याची रोपं, जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या-लाव्यांची अंडी. उघड्या उतारावरची माती पहिल्याच धारांनी ओढ्यात उतरते. वारंवार जळणाऱ्या डोंगरावर कुसळी गवत टिकतं आणि फोफावतं, जनावरांना आवडणारं मारवेल गवत मागे हटतं. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग चाराच बिघडवते. ज्यांची जनावरं आहेत त्यांनी हे एकदा जळलेला आणि राखलेला असे दोन उतार शेजारी ठेवून पाहावं, मग वाद राहत नाही.

राब भाजणं, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळणं, ही वेगळी गोष्ट. कोकणात भाजावळ, मावळात दाढ भाजणं, भाताच्या रोपासाठी लोक ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्याला सरसकट दोष देणं मला पटत नाही. चूक वेळेची आहे. जेवून, विसावा घेऊन तीन वाजता आग लावली की नेमकं पश्चिमेचं वारं सुटतं. राब पहाटे किंवा सकाळी वारा पडलेला असताना भाजा, कडेने हातभर नव्हे तर चांगली दोन-तीन मीटर जमीन साफ करा, पाण्याचे हंडे जवळ ठेवा, आणि धूर थांबेपर्यंत माणूस हलू देऊ नका. बांध पेटवतानाही हेच. वळवाचा एक शिडकावा झाला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. बारीक गवत तासा-दोन तासांत पुन्हा वाळतं, आणि वळवाच्या आधीचा सोसाट्याचा वारा आग कुठेही नेऊ शकतो.

जाळरेषा म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी. "जाळरेषा काढली होती, तरी आग पलीकडे गेली" ही तक्रार बऱ्याच गावांतून येते. कारण बहुधा या चारांपैकी एक असतं. कापलेलं गवत रेषेतच पडून राहिलं. रेषा जानेवारीत काढली आणि मार्चपर्यंत तिच्यावर पानगळ साचली, ती कुणी झाडली नाही. रुंदी कमी पडली: कमरेएवढ्या गवताची ज्वाळा माणसाच्या वर जाते, तिला चार फुटांची पट्टी अडवत नाही. किंवा रेषा उताराच्या मधोमध आडवी काढली. आग चढणीला धावते, आणि वरून पेटलेल्या गोवऱ्या, ओंडके खाली गडगडतात. शक्यतो धारेवर, माथ्यावर, पायवाट किंवा ओढ्याला धरून रेषा काढा.

विझवायला धावणाऱ्यांसाठी एक गोष्ट जिवाची आहे. आगीच्या वरच्या बाजूला, तिच्या वाटेत कधीही उभं राहू नका. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा चढणीचा वेग साधारण दुप्पट होतो, हा जगभरच्या आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. अरुंद घळ तर धुराड्यासारखी काम करते. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेले लोक वाळक्या गवताच्या आगीत सापडले आणि वीसहून अधिक जण गेले. तो डोंगरही आपल्याच पश्चिम घाटाचा. ट्रेकला जाणाऱ्यांनी धूर दिसला की परत फिरावं. अडकलात तर चढू नका. आडवे सरकून आधीच जळून काळ्या झालेल्या जागेत जा.

विझवणाऱ्यांनीही काळ्या बाजूने, मागून आणि कडेने यावं. जांभळीची ओली डहाळी चांगली, पण ती उंच उचलून आपटली की ठिणग्या उडतात. दाबून आतल्या बाजूला ओढायची. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

कळवण्यात उशीर करू नका. उपग्रह बघतो आणि इशारा येतोच, असं काही जण धरून चालतात. भारतीय वन सर्वेक्षणाचे इशारे खरंच उपयोगी आहेत, पण ज्या उपग्रहांवर ते चालतात ते ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात, मुख्यतः दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. चारला लागलेली आग दहापर्यंत डोंगर खाऊन विझली तर ती नोंदलीही जात नाही. तुमचा फोन आधी पोचतो: वन विभागाचा १९२६, नाहीतर ११२. गाव, डोंगराचं स्थानिक नाव, आग कुठल्या अंगाला चाललीय आणि गाडी कुठपर्यंत येते, एवढं सांगा. आग लावणारा कोण हे दिसलं असेल तर तेही सांगा. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० लागतं.

आणि ज्वाळा दिसेनाशा झाल्या की लगेच घरी निघू नका. एकदा आम्ही रात्री अकराला उतरलो आणि पहाटे तोच डोंगर दुसऱ्या अंगाने पेटलेला दिसला. धुमसत होती ती वाळकी शेणं आणि एक जुना बुंधा. तेव्हापासून कडेकडेने फिरतो, हाताची मागची बाजू जमिनीजवळ नेऊन ऊब तपासतो, शेण उलटं करून मातीत चुरतो, बुंध्याच्या ढोलीत पाणी ओततो, पाणी नसेल तर माती कोंबतो. दोघं जण सकाळपर्यंत थांबतात, आणि उन्हं चढून वारा सुटला की पुन्हा एक फेरी मारतात.