जुनं इंग्रजी बायबल वाचताय? या चुका टाळा

लेवीयाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय पहिल्यांदा मराठीत आणायला बसलो, तेव्हा 'मीट ऑफरिंग'ला 'मांसार्पण' लिहून मोकळा झालो. दोन ओळी खाली आलो तर अर्पणात काय? सपीठ, तेल आणि धूप. मांसाचा कणही नाही. किंग जेम्स भाषांतर 1611 साली छापलं गेलं तेव्हा 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. मांसाला 'फ्लेश' म्हणत. मराठी बायबलात सरळ 'अन्नार्पण' आहे. ते आधी उघडलं असतं तर खाडाखोड वाचली असती.

'बिसीच' (विनवणे) यासारखा अनोळखी शब्द आला की आपण आपोआप कोश काढतो, त्यामुळे तिथे फारसं चुकत नाही. घात होतो तो रोजच्या वापरातल्या शब्दांनी.

सगळ्यात वाईट 'लेट'. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की तुमच्याकडे यायचं मी कितीदा ठरवलं, 'बट वॉज लेट हिदरटू'. आजच्या इंग्रजीने वाचलं तर त्याला येऊ दिलं होतं! अर्थ बरोबर उलटा आहे: आजवर अडथळा आला. जुन्या इंग्रजीत 'अडवणे' आणि 'होऊ देणे' ही दोन वेगळी क्रियापदं होती, उच्चार झिजत झिजत दोन्ही 'लेट' झाली. अडवणारा 'लेट' मेला असं वाटत असेल तर आपला पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' छापलेलं आहे. पण हे कळल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि दिसेल तो 'लेट' अडथळ्याचा धरतात. उत्पत्तीतल्या 'लेट देअर बी लाइट'मध्ये कोणी प्रकाश अडवत नाहीये.

'प्रिव्हेंट'चंही तसंच. लॅटिनमध्ये मुळात 'आधी येणे'. स्तोत्र 119 मधला भक्त 'आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग' म्हणतो, म्हणजे त्याने पहाट रोखून धरली नाही. पहाटेच्या आधी उठून तो प्रार्थनेला लागला.

बाकीचे पटकन सांगतो. 'सफर द लिटल चिल्ड्रन' यात कोणाला त्रास सोसायचा नाही, मुलांना येऊ द्यायचं आहे. पत्रांमधलं 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे वागणूक, गप्पा नव्हेत. 'क्विक अँड द डेड' मधले 'क्विक' जिवंत लोक. शिष्य 'कॉर्न'च्या शेतातून कणसं मोडत जातात, तिथे मका डोळ्यांसमोर आणू नका. मका अमेरिकेतला, येशूच्या काळी त्या भागात नव्हताच. आणि हेरोदियेची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर 'चार्जर'मध्ये मागते, तो चार्जर म्हणजे ताट. तिथेच 'बाय अँड बाय' आहे, त्याचा अर्थ 'सवडीने' नसून 'आत्ताच्या आत्ता'. क्रूर प्रसंग आहे, पण चार्जर वाचून हसू येतंच.

ही काही इंग्रजीचीच खोड नाही. गीतेतलं 'वीतरागभयक्रोधः' वाचताना कितीतरी मराठी माणसं 'राग'पाशी हमखास फसतात. तिथे राग म्हणजे आसक्ती. रागावणं पुढे 'क्रोध' म्हणून वेगळं आलंच आहे.

आणखी एक गैरसमज: 'दाऊ' (जुनं 'तू', त्याचंच रूप 'दी' म्हणजे 'तुला') हे देवासाठी राखलेलं आदराचं रूप. छे. ते साधं एकवचन आहे, महायाजक कयफा असो की सैतान, सगळ्यांना चालतं. विठ्ठलाला 'तू' म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. फक्त आपल्या 'तुम्ही'त अनेकवचन आणि आदर दोन्ही मिसळतात, तर या भाषांतरात 'यी' आणि 'यू' निव्वळ अनेकवचन आहेत.

हा फरक फुकट मिळतो, तरी लोक सोडून देतात. लूक 22 मध्ये येशू एकट्या शिमोनाशी, म्हणजे पेत्राशी, बोलत असतो. सैतानाने 'यू'ला गव्हासारखं चाळायला मागितलंय, 'बट आय हॅव प्रेड फॉर दी'. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' येतं आणि गोष्ट सपाट होते. मराठीत मांडा: त्याने तुम्हा सगळ्यांना मागितलंय, पण मी प्रार्थना तुझ्यासाठी केली आहे. संकट बाराही जणांवर आहे, आणि येशू बोट ठेवतो ते थोड्याच वेळात येशूलाच तीनदा नाकारणार असलेल्या एकावर.

म्हणून ओळ विचित्र वाटली, किंवा आधीच्या ओळीशी भांडायला लागली, की तिला गूढ अर्थ चिकटवू नका. तोच अध्याय-ओवी मराठी बायबलात काढा. तरी उलगडलं नाही तर 1828 चा वेबस्टर कोश बघा. त्यात यातले बरेच जुने अर्थ दिलेले आहेत. फोनवरचं आपोआप भाषांतर मात्र इथे नको, ते 'लेट'ला खुशाल 'येऊ दिलं' करून टाकेल.