कौन्सिल टॅक्समध्ये अडचणीची सवलत नाकारली? आधी तक्रार नको, अपील करा

इंग्लंडमध्ये घरखर्च भागत नसेल, तर १९९२ च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स अ‍ॅक्टच्या कलम १३ए(१)(सी) खाली कौन्सिल (स्थानिक प्रशासन) आपल्या अखत्यारीत कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, कमी करू शकते, अगदी माफही करू शकते. नकार आला की काही लोक सरळ ओम्बड्समनकडे (कौन्सिलच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा) तक्रार करतात आणि तिथे वेळ वाया जाऊ शकतो. या नकाराविरुद्ध व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे अशा वादांवर निर्णय देणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, विनाशुल्क अपील करता येतं.

मात्र आधी कौन्सिलला लेखी कळवा: ‘हा निर्णय मान्य नाही, फेरविचार करावा.’ पत्रावर तारीख घाला, पोचल्याचा पुरावा ठेवा. पुन्हा नकार आला तर त्यानंतर दोन महिन्यांत अपील करा. दोन महिने उत्तरच नाही? मग पहिलं पत्र पोचल्यापासून चार महिन्यांच्या आत.

सोबत भाडं, वीज-गॅस, औषधं, कर्जाचे हप्ते यांचा महिन्याचा हिशेब आणि बँक स्टेटमेंट जोडा. ‘आम्ही अशी सवलत कुणालाच देत नाही’ असं उत्तर असेल तर ते जपून ठेवा. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासणं कौन्सिलला बंधनकारक आहे, त्यामुळे हे वाक्य तुमच्याच कामी येतं.

कौन्सिलने कागद हरवले, दिरंगाई केली, तर मात्र कौन्सिलकडे आणि मग ओम्बड्समनकडे तक्रार करा, साधारण वर्षभराच्या आत.

अपील चालू आहे म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. कौन्सिलकडे टॅक्सचे हप्ते कमी करून मागा. व्हिसावर सरकारी मदतीची मनाई असेल, तर अर्जाआधीच सल्ला घ्या.