इंदूरबाहेरच्या कॉलनीत घर घेताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने तपासावे

रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर या इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांतल्या घरांच्या वाटण्या झाल्या, की पुढची पिढी राऊ, बिचोली मर्दाना, निपानिया किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला घर शोधू लागते. अशा वेळी पुण्या-नाशिकचे नातेवाईक काळजीने विचारतात, ‘सातबारा पाहिला का? एनए झाले आहे ना?’ प्रश्न अगदी योग्य असतो. पण त्या नावांचे कागद इथे नसतात, आणि खरी चौकशी राहूनच जाते. म्हणून आधी शब्द जुळवून घ्यावेत. मध्य प्रदेशात सातबाऱ्याचे काम खसरा आणि बी-1 खतौनी करतात, तलाठ्याच्या जागी पटवारी असतो, बिगरशेतीला व्यपवर्तन किंवा बोलण्यात ‘डायव्हर्शन’ म्हणतात, फेरफाराला नामांतरण आणि खरेदीखताला विक्रयपत्र किंवा नुसते ‘रजिस्ट्री’ म्हणतात.

घर आवडले तरी बयाणा म्हणजे विसार देण्याआधी विकणाऱ्याकडून गावाचे नाव, पटवारी हलका (पटवाऱ्याच्या अखत्यारीतला भाग) आणि खसरा क्रमांक लिहून घ्यावा. राज्याच्या भूलेख संकेतस्थळावर त्यावरून नोंद पाहता येते. मालकाचे नाव आणि क्षेत्रफळ जुळते का, हे तर पाहावेच. पण खसऱ्यातील शेवटचा, शेऱ्याचा म्हणजे ‘कैफियत’चा रकाना मुळीच सोडू नये. तिथे ‘शासकीय पट्टा’ (सरकारने दिलेली जमीन) किंवा ‘अहस्तांतरणीय’ (विकता न येणारी) असे शब्द असतील, अथवा बँकेचा बोजा असेल, तर वकिलाने लेखी मत देईपर्यंत व्यवहार थांबवावा. माळव्यात देवस्थानांच्या जमिनीही पुष्कळ आहेत. खसऱ्यात मूर्तीचे नाव आणि व्यवस्थापक म्हणून कलेक्टर अशी नोंद दिसली, तर पुजाऱ्याने किंवा त्याच्या वारसाने केलेल्या विक्रीवर विसंबून राहू नये.

यानंतरचा टप्पा कॉलनीचा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा, कारण घरातील फरशी नंतर बदलता येते, पण कॉलनीच मंजूर नसेल तर एकट्या कुटुंबाला त्यावर काहीही करता येत नाही. जमीन महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे प्रथम विचारावे. 2014 साली भोवतालची 29 गावे महापालिकेत आली, तरी लोकांच्या तोंडी ती अजून गावेच आहेत, त्यामुळे ऐकीव माहिती चालत नाही. मग नगर तथा ग्राम निवेश म्हणजे नगररचना कार्यालयाने मंजूर केलेला नकाशा, कॉलनायझरचा म्हणजे कॉलनी पाडणाऱ्या विकासकाचा परवाना, विकासाची परवानगी आणि व्यपवर्तनाचा कागद मागावा. मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन कॉलनीत स्वतः फिरावे: रस्त्याची रुंदी टेपने मोजावी, उद्यानाच्या जागेवर घर तर उभे नाही ना हे पाहावे, आणि आपला भूखंड क्रमांक नकाशावर शोधावा. विकासाची कामे पूर्ण करण्याची हमी म्हणून कॉलनायझरचे काही भूखंड गहाण ठेवलेले असतात; आपला भूखंड त्यांत असेल, तर तो मुक्त झाल्याचे पत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मास्टर प्लॅनमध्ये जमिनीचा वापर निवासी आहे का आणि ती इंदूर विकास प्राधिकरणाच्या एखाद्या योजनेत येते का, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.

नवा प्रकल्प 500 चौरस मीटर जमिनीच्या किंवा आठ घरांच्या सवलतीच्या मर्यादेत बसत नसेल, तर 2016 च्या रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार त्याची नोंदणी आवश्यक असते. जाहिरातीतील क्रमांक मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा.

‘सध्या नोटरीवर घ्या, रजिस्ट्री पुढे होईल’ असे कोणी सांगितले, तर तिथून उठावे. नोटरी केलेल्या करारनाम्याने किंवा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हे स्पष्ट केले आहे. आयुष्याची पुंजी अशा कागदावर लावून बसलेली माणसे पाहिली, की जीव हळहळतो, कारण त्यांना वेळेवर सांगणारे कोणी भेटलेले नसते.

कागद पटल्यावर जागेवर दोनदा जावे: एकदा मे महिन्यात आणि एकदा जोराचा पाऊस झाल्यावर. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून येते, पण ते प्रत्येक नव्या कॉलनीपर्यंत पोहोचलेले नसते. शेजारच्या दोन-तीन घरांत बसून, उन्हाळ्यात बोअर केव्हा आटतो आणि टँकर किती दिवसांनी येतो, हे विचारावे. पावसात नाल्याचे पाणी कुठवर चढते, हे डोळ्यांनीच पाहावे. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना तिरक्या भेगा पडतात. ताजा रंग दिलेले घर म्हणूनच अभियंत्याला दाखवावे, आणि बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, हेही त्याच्याकडून तपासून घ्यावे.

पैशांच्या बाबतीत काही मर्यादा पक्क्या ठेवाव्यात. रेरातील प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई आहे, म्हणून बयाणाही चेकने किंवा बँकेमार्फतच द्यावा. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल, तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. मुद्रांक शुल्काचा हिशेब कलेक्टर गाइडलाइन म्हणजे जमिनीचे सरकारी दर पाहून आधीच करावा, कारण ती रक्कम मोठी असते आणि गृहकर्जात बहुधा धरली जात नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी चतुःसीमा, भूखंड क्रमांक आणि नावांचे हिंदी लेखन शब्दन्‌शब्द वाचावे. मराठी आडनावे हिंदीत लिहिताना चुकतात, आणि आधार, पॅन व विक्रयपत्र यांत तीन वेगळी रूपे राहिली की पुढे प्रत्येक कामात अडचण येते. रजिस्ट्री झाली म्हणजे नामांतरण झाले, असे गृहीत धरू नये. त्याचा अर्ज दिला आहे का, महापालिकेत किंवा पंचायतीत आणि महसूल नोंदीत आपले नाव चढले का, हे पाहावे, आणि त्यानंतर मालमत्ता कराचे खाते व वीजजोडणी आपल्या नावावर करून घ्यावी.