गेट जोडण्याआधी अट लिहा

खानापूर, निपाणीकडून मराठी माध्यमात दहावी करून बेळगावात डिप्लोमाला आलेली बरीच मुलं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सला बिचकतात. मीही त्याच वाटेनं आलो. त्यांना माझं सांगणं एकच: आधी अट सरळ मराठीत लिहा, मग तिची चिन्हं करा. गेटचा, म्हणजे १ (खरं) आणि ० (खोटं) असे इनपुट घेऊन तसंच उत्तर देणाऱ्या छोट्या सर्किटचा, विचार सगळ्यात शेवटी.

मळ्यातली मोटार घ्या. नियम असा, मोटार चालू असेल तर विहिरीत पाणी असलंच पाहिजे. 'मोटार चालू' म्हणजे म, 'विहिरीत पाणी' म्हणजे प. झालं 'जर म तर प'. ट्रुथ टेबल म्हणजे म आणि प खरं-खोटं असण्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता; त्याच्या चार ओळींपैकी एकाच ओळीत हे खोटं ठरतं: म खरं, प खोटं. मोटार बंद, विहीरही कोरडी, तरी विधान खरं कसं? इथं भलेभले अडतात. पाठ करू नका, नियम मोडला की वाजणाऱ्या गजराचा विचार करा. मोटारच बंद असेल तर गजर कशाला वाजेल? नियम कुणी मोडलेलाच नाही. मला हे पटलं ते ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवर.

'जर म तर प' म्हणजेच 'म नाही किंवा प आहे'. ७४एलएस०० आयसीत (चिपमध्ये) चार नँड गेट असतात, आपल्याला दोन पुरतात. नँडचे दोन्ही इनपुट १ असतील तरच आउटपुट ०, नाहीतर १. पहिल्याच्या दोन्ही इनपुटना प द्या, 'प नाही' मिळेल. ते आणि म दुसऱ्याला द्या. नियम पाळला तर आउटपुट १, मोडला तर ०. हे असं का जमतं, ते द मॉर्गनच्या नियमात आहे: 'दोन्ही एकदम खरं नाही' म्हणजेच 'पहिलं नाही किंवा दुसरं नाही'. हा गणितज्ञ १८०६ साली मदुराईत जन्मला.

लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर ५ व्होल्ट आणि या आउटपुटच्या मध्ये जोडा, ० आलं की दिवा पेटेल. या आयसीचं आउटपुट करंट बाहेर देण्यापेक्षा आत ओढायला जास्त समर्थ असतं, म्हणून अशी जोडणी. १४ नंबरच्या पिनला ५ व्होल्ट, ७ नंबरला ग्राउंड. म आणि प साठी साधे स्विच लावा, खऱ्या मोटारीच्या लाइनला हात लावायचा नाही. इनपुट लोंबकळत ठेवलंत तर आयसी ते बहुधा १ धरते आणि तासभर चूक सापडत नाही.

तर्कशास्त्राची ही भाषा स्विचच्या सर्किटला लागू पडते हे क्लॉड शॅनननं १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं. तेव्हा गेटच्या जागी रिले, म्हणजे विजेच्या चुंबकानं चालणारे स्विच होते.

हे जमलं की पुढचं: पाणी आहे, थ्री फेज आहे आणि टाकी भरलेली नाही, तरच मोटार सुरू. तीन विधानं, आठ ओळी. आठही हातानं भरा, मगच आयसी काढा.