ग्रँड कॅन्यनजवळ रानात मुक्काम करायचा असेल तर

दक्षिण कड्यावरचं कॅम्पग्राउंड भरलेलं असलं तरी हिरमुसू नका. लगतच्या कायबाब नॅशनल फॉरेस्टमध्ये बहुतेक ठिकाणी फुकट तंबू ठोकता येतो, 14 दिवसांपर्यंत. आरक्षण लागत नाही. पण तिथे नळ, संडास, कचराकुंडी यातलं काहीही नसतं.

गाडी कुठल्या कच्च्या रस्त्यावर नेता येते, हे फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोफत नकाशावर कळतं. तो आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आत रेंजचा भरवसा नाही. आधी कुणी तंबू लावलेली उघडी जागा शोधा, नवं गवत तुडवू नका. गुरांसाठी किंवा हरणांसाठी बांधलेलं तळं दिसलं की मोह होतोच, पण अ‍ॅरिझोनाच्या कायद्याने त्याच्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करता येत नाही. माणसं दिसली की तहानलेली जनावरं पाण्याकडे फिरकतच नाहीत, म्हणून.

सगळ्यात जपायचं ते शेकोटीला. पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये, अनेकदा बंदी असते. निघायच्या दिवशी रेंजर ऑफिसला फोन करून विचारा. परवानगी असली तरी विझवण्यापुरतं जादा पाणी नसेल तर पेटवूच नका. विझवताना पाणी ओता, राख काठीने ढवळा, पुन्हा ओता आणि हात जवळ नेऊन पाहा. जरा जरी धग लागली तरी पुन्हा पाणी. नुसती माती लोटली तर निखारे आत धुमसत राहतात.

शौचासाठी 6 ते 8 इंच खोल खड्डा खणा, वापरलेला कागद मात्र पिशवीत भरून सोबत न्या.