रोबो व्हॅक्यूम घ्यायचाय? आधी टेप घेऊन फरशीवर बसा

रोबो व्हॅक्यूम म्हणजे घरभर आपोआप फिरून केर ओढणारं यंत्र. टेप, वही आणि टॉर्च घ्या आणि त्याचं कुठलंही मॉडेल बघायच्या आधी घरभर फरशीवर बसून एक फेरी मारा. उभ्यानं घर बघण्यात अर्थ नाही, कारण रोबोला जे दिसतं ते जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतचंच. तुमच्या घरी तो चालेल की नाही, याचं बरंचसं उत्तर या फेरीतच मिळतं.

पहिलं माप पलंग, सोफा आणि कपाटाखालच्या जागेचं. बऱ्याच रोबोंच्या डोक्यावर एक छोटी गोल टोपी असते. तिच्यात फिरणारा लेझर असतो आणि तो खोलीचा नकाशा काढतो. टोपीसकट उंची साधारण साडेनऊ-दहा सेंटीमीटर भरते, टोपी नसलेले थोडे बुटके असतात. सोफ्याखाली ११ सेंटीमीटर किंवा जास्त जागा असेल तर उत्तम. अगदीच कमी असेल तर तो आत शिरणारच नाही, तेही ठीक. खरा त्रास जेमतेम मापाच्या जागेचा, तिथे तो शिरतो आणि रुतून बसतो. आता एक गोष्ट मनाशी नोंदवा: पलंगाखालचा, रोज कुणी वाकून काढत नाही असा केर काढण्यात हे यंत्र सगळ्यात उपयोगी पडतं. तुमचे पलंग आणि दिवाण बॉक्सचे, जमिनीला टेकलेले असतील, तर ते घेण्याचं निम्मं कारण तिथेच संपलं.

मग उंबरे. साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतची चढण बहुतेक रोबो पार करतात, त्याहून जास्त उंची महागड्या काही मॉडेलनाच जमते. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली संगमरवराची पट्टी, गॅलरीच्या सरकत्या दाराची खाच, बेडरूमच्या दारातलं जाड पायपुसणं, सगळं मोजून लिहा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत प्रत्येक खोलीला भक्कम उंबरठा असतो. तिथे रोबो उचलून उचलून एकेका खोलीत सोडावा लागेल आणि ते चार दिवसांनी कुणी करत नाही. बाथरूमकडे जास्त लक्ष द्या. जिन्यासारखा खोल उतार रोबोला खालच्या सेन्सरमुळे कळतो, पण बाथरूमची फरशी एखादा इंचच खाली असेल तर तो सरळ आत उतरतो. तिथे पाणी असलं की मोटर खराब व्हायची भीती. म्हणजे तुमच्याकडे बाथरूमचं दार नेहमी लावलेलं असतं का, हाही यादीतला प्रश्न.

फरशीचा रंगसुद्धा बघा. उतार ओळखणारे सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश खाली टाकून तो परत येतो का हे पाहतात. काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट तो प्रकाश शोषून घेतो, मग काही रोबो समोर खड्डा आहे असं समजून मागे फिरतात. शहाबादी फरशीच्या रुंद सांध्यांत अडकलेली बारीक माती निघणं अवघड. व्हिट्रिफाइड टाइल्सवर मात्र तो उत्तम चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपला संसार बराचसा जमिनीवर चालतो. भाजी निवडायला खाली बसतो, मुलं वह्या-पुस्तकं पसरून अभ्यास करतात, रात्री गाद्या घातल्या जातात, पाहुणे आले की सतरंजी अंथरली जाते. रोबोला यातलं काहीच चालत नाही. चार्जरची वायर, ओढणीचं टोक, गोधडीचा सुटलेला दोरा, सतरंजीचे गोंडे तो ब्रशमध्ये ओढून घेतो आणि थांबतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आठवडाभर एक सराव करा. रोज एक ठरावीक वेळ धरा आणि त्या वेळी जमिनीवरचं सगळं उचला: चपला, खेळणी, वायरी, पाट, गाद्या, हलक्या खुर्च्याही. आठवड्याच्या शेवटी प्रामाणिकपणे बघा, हे उचललं कुणी? घरातल्या सगळ्यांनी मिळून उचललं असेल तर रोबो तुमच्याकडे नक्की रुळेल. आधी झाडणारी बाईच आता आवरतही असेल, तर तिचं काम कमी झालं नाही, फक्त बदललं. अशा घरानं यंत्र घेऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

केर कोणता आहे तेही पाहा. धूळ, केस, सुके कण, कापूस हे त्याचं काम. कोकणातली पावसाळ्यातली लाल चिखलाची पावलं, ताटाबाहेर सांडलेली भाताची शितं, फोडणीच्या तेलाचे थेंब हे त्याचं काम नाही. ओलं शीत तो चाकाखाली घेऊन हॉलभर फिरवतो. देव्हाऱ्यासमोरची रांगोळी आणि सांडलेलं हळदकुंकू हातानंच गोळा करा. रांगोळीची पूड फिल्टर लवकर बुजवते आणि पुसणाऱ्या फडक्याला कुंकू लागलं तर डाग पसरतात. घराचं किंवा शेजारचं बांधकाम चालू असेल तर खरेदी पुढे ढकला, सिमेंटची बारीक धूळ मोटरला घातक असते. घरात लांब केसांची माणसं असतील तर ब्रशवरचे केस नियमित कापून काढावे लागतील, हे काम कोण करणार ते आधीच ठरवा.

लादी पुसण्याबद्दल अपेक्षा माफक ठेवा. साध्या मॉडेलमध्ये ओलं फडकं मागून नुसतं फिरतं. फिरत्या गोल पॅडचे रोबो बरेच चांगले पुसतात, पण वाळलेला चहाचा डाग काढायला हातच लागतो. टाकीत फिनेल ओतायची सवय टाळा. बहुतेक कंपन्या फक्त पाणी किंवा स्वतःचं द्रावण वापरायला सांगतात, दुसरं काही घातल्यानं नळ्या बुजल्या तर वॉरंटीचा वाद होतो.

घरी मावशी कामाला येत असतील तर त्यांच्याशी आधी बोला. कोपरे, जिना, गॅलरी, बाथरूम, जळमटं यातलं काहीही रोबो करत नाही, त्यामुळे त्यांचं काम संपत नाही. यंत्र आलं म्हणून परस्पर पगार कापणं चुकीचं आहे. आजी-आजोबा असतील तर त्यांच्या चालण्याच्या वेळेत तो फिरणार नाही अशी वेळ लावा, पायात आलेला रोबो दिसला नाही तर पडायला होतं. रांगणारं बाळ किंवा अजून शी-शूची सवय न लागलेलं कुत्र्याचं पिल्लू असेल तर थोडं थांबा.

चार्जिंगच्या डॉकला, म्हणजे रोबो स्वतः जाऊन चार्ज व्हायला बसतो त्या बैठकीला, भिंतीलगत सपाट जागा, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर मीटरभर मोकळं हवं. प्लगही तिथेच हवा. वीज गेली की डॉकचा सिग्नल बंद होतो आणि रोबोला डॉकवर चढता येत नाही, हे भारनियमनाच्या गावात ध्यानात ठेवा. बहुतेक रोबो २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडले जातात, तुमचा राउटर ते देतो का पाहा.

कॅमेऱ्याचा रोबो असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या. चाचणीसाठी दिलेल्या काही रूम्बांनी (आयरोबॉट कंपनीचे रोबो) टिपलेली घरातली खासगी छायाचित्रं बाहेर फुटल्याचं २०२२ मध्ये उघड झालं होतं. ती विकलेली यंत्रं नव्हती, तरी यातून धडा घ्यायला हवा. निर्णय होत नसेल तर लेझरवाला, कॅमेरा नसलेला घ्या. कंपनीचंही भवितव्य बघा. निएटो ही रोबो व्हॅक्यूम बनवणारी नावाजलेली कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. ॲपवर चालणारं यंत्र विकत घेतलं की तुम्ही त्या कंपनीच्या सर्व्हरवरही अवलंबून राहता. अंगावरच्या बटणानं तो सुरू होतो का, हे विचारा.

पैशांचा हिशोब करताना फिल्टर, बाजूचा ब्रश, पॅड आणि स्वतः केर रिकामा करणारा डॉक असेल तर त्याच्या पिशव्या, हे सगळं धरा. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. पुण्या-मुंबईबाहेर राहत असाल तर आधी आपला पिनकोड देऊन सर्व्हिस मिळते का ते कंपनीकडून लेखी घ्या. नांदेडहून यंत्र कुरिअरनं पाठवायला लागणार असेल, तर थोडं महाग पण जवळ दुरुस्ती होणारं मॉडेल परवडतं.

पहिल्या दिवशी दारं उघडी ठेवून त्याला पूर्ण नकाशा काढू द्या आणि तुम्ही घरीच थांबा. जिथे अडकेल ती जागा वहीत लिहा, ॲपमध्ये तिथे बंदीची रेघ मारा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोका आणि आतलं पॅकिंग माळ्यावर जपून ठेवा.