घरच्यांना मनाचे दुखणे कसे सांगावे

मनाचे दुखणे आपल्याकडे बहुतेक वेळा शरीराच्या वाटेने बाहेर येते. डोके जड राहते, छातीत धडधडते, पित्त वाढते, रात्री तीन वाजता जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. मग ईसीजी काढला जातो, रक्त तपासले जाते, सगळे अहवाल चांगले येतात आणि घरी सांगितले जाते की ‘काही नाही, थोडं टेन्शन आहे’. माणूस तिथेच थांबतो, कारण यापुढे काय बोलायचे हे त्याने घरात कधी ऐकलेले नसते. ते कुणाशी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलावे, आणि ऐकणाऱ्याने काय करावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. माझे ठाम मत असे की मोकळेपणाने बोलायचे म्हणजे सगळ्यांना सांगत सुटायचे नसते. एका योग्य माणसाला, नेमक्या शब्दांत, एक ठरावीक मदत मागून सांगितले तरी पहिल्या वेळेस ते पुरे असते.

बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले होते आणि त्यांतील बहुसंख्यांना कोणतेही उपचार मिळत नव्हते. त्यामुळे आपण ज्याच्याशी बोलायला जातो, त्याने स्वतः किंवा त्याच्या नात्यातल्या कुणीतरी हे भोगलेले असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

बोलण्याआधी

परीक्षा, नोकरी, पिकाचे नुकसान किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यांमुळे काही दिवस मन खचणे स्वाभाविक आहे. परंतु उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकून राहिले, आणि त्याबरोबर झोप, भूक, कामातले लक्ष यांचीही घडी विस्कटली, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. मरणाचे विचार येत असतील, तर मात्र दोन आठवड्यांची वाट पाहू नये. त्याच दिवशी बोलावे.

आदल्या दिवशी एका कागदावर चार-पाच ओळी लिहून काढाव्यात. हे कधीपासून सुरू झाले, झोप किती लागते, जेवण कसे आहे, पूर्वी सहज होणारे कोणते काम आता होत नाही आणि कशाची भीती वाटते, एवढे लिहिले तरी चालेल. प्रत्यक्ष बोलताना घसा दाटून येतो आणि सांगायचे तेच राहून जाते; अशा वेळी तो कागद समोरच्याच्या हातात दिला तरी काम होते. पुढे डॉक्टरांकडेही हाच कागद उपयोगी पडतो.

मग माणूस निवडावा. तो घरातला सर्वांत मोठा किंवा सर्वांत जवळचा असलाच पाहिजे असे नाही. मोठ्या कुटुंबात पुष्कळदा आत्या, मामा, धाकटी वहिनी किंवा चुलतभाऊ हेच आई-वडिलांपेक्षा शांतपणे ऐकून घेतात, कारण आपल्या दुखण्याचा दोष त्यांना स्वतःकडे येईल असे वाटत नाही. एकच कसोटी लावावी: या माणसाने यापूर्वी दुसऱ्या कुणाची खाजगी गोष्ट चारचौघांत उघड केली होती का? केली असेल, तर तो कितीही प्रेमळ असला तरी पहिला माणूस म्हणून त्याची निवड करू नये.

पाहुणे आलेले असताना, जेवणाच्या ताटावर किंवा भांडणाच्या भरात हा विषय काढू नये. समोरासमोर बसून डोळ्याला डोळा देणे अवघड वाटत असेल, तर संध्याकाळी फिरायला जाताना, बांधावरून चालताना किंवा भाजी निवडताना बोलावे. आरंभी एवढेच म्हणावे: ‘मला तुझ्याशी थोडा वेळ बोलायचंय. लगेच उपाय सांगू नकोस, आधी सगळं ऐकून घे.’ या एका वाक्याने समोरच्याला आपले काम काय आहे ते कळते, आणि निम्मा सल्ला तरी तो आवरून धरतो.

काय बोलावे

‘मला डिप्रेशन आलंय’ एवढेच सांगितले, तर ऐकणारा त्या शब्दावर वाद घालू लागतो. त्याऐवजी जे घडते आहे ते घडते तसे सांगावे. उदाहरणार्थ, नोकरी करणारा मुलगा आईला असे सांगू शकेल: ‘आई, गेले तीन आठवडे मला रात्री झोप लागत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही, आंघोळ करायचंसुद्धा जिवावर येतं. ऑफिसात नुसता बसून राहतो, साधं पत्र लिहायला तास लागतो. माझं कुणाशी भांडण झालेलं नाही आणि तुझंही काही चुकलेलं नाही. मला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंय. शनिवारी माझ्याबरोबर येशील?’

यात किती दिवस झाले ते आहे आणि नाकारता येणार नाही असे शरीराचे वर्णनही आहे. ‘तुझं काही चुकलेलं नाही’ हे वाक्य तर कधीच गाळू नये, कारण ऐकता ऐकता आई मनात स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करत असते आणि त्या धसक्याने ती विषय झटकून टाकते. शेवटची मागणी लहान आहे आणि तिला वार ठरलेला आहे. ‘मला समजून घे’ ही मागणी पूर्ण कशी करायची हे कुणालाच कळत नाही. ‘शनिवारी बरोबर ये’ ही सगळ्यांना कळते.

वडिलांशी बोलताना कामापासून सुरुवात केलेली बरी. ‘बाबा, हिशेबात चुका होतायत, डोकं चालत नाही’ हे अनेक वडिलांना ‘उदास वाटतं’ यापेक्षा लवकर पोचते. पती-पत्नींमध्ये बहुधा चिडचिडीपासून सुरुवात करावी लागते, कारण नैराश्य रडण्यातून दिसते तसेच ते सततच्या संतापातूनही दिसते, आणि तो संताप जोडीदाराने आधीच सोसलेला असतो. ‘तुझ्यावर ओरडतो ते तुझ्यामुळे नाही, माझं आतून काहीतरी बिघडलंय’ असे एकदा स्पष्ट म्हटले की पुढचे ऐकायला जागा तयार होते.

पैशाचे प्रकरण असेल, तर ते याच बोलण्यात आणावे. सावकाराचे देणे, थकलेले हप्ते, ऑनलाइन खेळात गेलेली रक्कम हे लपवून माणूस नुसते ‘टेन्शन आहे’ म्हणतो, आणि घरचे त्याला देवदर्शनाला नेतात. आकडा सांगणे ही सर्वांत जड गोष्ट असते, हे मान्य आहे. पण तो सांगितल्यावर कर्ज ही पूर्ण घराने मिळून सोडवायची अडचण होते आणि मनाच्या आजारावर वेगळे उपचार सुरू करता येतात. विदर्भ-मराठवाड्यातील संकटग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि त्यात आशा सेविकांनाही सामील करून घेतले. घरात कुणाशीच बोलता येत नसेल, तर गावातल्या आशाताईंशी बोलावे.

हमखास मिळणारी उत्तरे

‘सगळं तर आहे तुला, कमी काय आहे?’ हे उत्तर येतेच, आणि ते बहुधा घाबरून आलेले असते. त्यावर सुखसोयींची चर्चा करू नये. ‘कमी काही नाही, म्हणूनच मला हा आजार वाटतोय आणि म्हणूनच डॉक्टरांना विचारायचंय’ एवढेच म्हणून थांबावे. अंगारा, देवऋषी, बाहेरची बाधा यांचा विषय निघाला, तर श्रद्धेवर वाद घालण्यात शक्ती घालवू नये; घरच्यांची प्रार्थना चालू राहू द्यावी, पण डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नये. मारहाण, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे असे काही सुरू झाले, तर मात्र तो श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. त्याला ठामपणे विरोध करावा आणि बाहेरची मदत बोलवावी.

सर्वांत कठीण असते ते ‘लग्न व्हायचंय, बाहेर कळलं तर?’ हे वाक्य, विशेषतः मुलींच्या बाबतीत. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला दिलेला आहे, आणि काही मोजके अपवाद सोडले तर डॉक्टरांनी ती माहिती बाहेर सांगायची नसते, हे घरच्यांना जरूर सांगावे. त्याच वेळी, दीर्घकाळ औषधे चालणार असतील, तर ज्याच्याशी लग्न ठरते आहे त्या व्यक्तीला ते आधी आणि स्वतः सांगावे असे मला मनापासून वाटते. लपवलेल्या गोळ्या सासरी उघडपणे घेता येत नाहीत, मग त्या बंद होतात आणि आजार उलटतो. नव्या घरात एकटीने हे सोसण्यापेक्षा एखादे स्थळ मोडलेले पुष्कळ बरे.

ऐकणाऱ्यासाठी

तुमच्यापाशी कुणी असे बोलायला आले, तर पहिली काही मिनिटे फक्त ऐकावे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘योगा कर’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली गेली तरी समोरचे माणूस त्यांनी गप्प होते. ‘कधीपासून होतंय?’, ‘दिवसात जास्त त्रास केव्हा होतो?’, ‘मी काय केलं तर तुला थोडं हलकं वाटेल?’ असे प्रश्न विचारावेत. रडू आले तर रडू द्यावे, आणि मध्येच शांतता पडली तर ती लगेच भरून काढू नये.

बोलण्यात ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’, ‘मी नसलो तर बरं होईल’ असे काही आले, तर सरळ विचारावे: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, पण तसे होत नाही. उलट, जे कुणापाशी उच्चारता येत नव्हते ते कुणीतरी विचारले म्हणून माणसाला सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ असेल, तर कसे करायचे हे ठरवले आहे का आणि साधन हाताशी आहे का, तेही विचारावे. धक्का बसला तरी आवाज चढवू नये, पापपुण्य काढू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध, साठवलेल्या गोळ्या, दोर त्याच दिवशी घराबाहेर हलवावेत. असा तीव्र आवेग पुष्कळदा थोड्या काळाचा असतो आणि त्या काळात साधन हाताशी नसले तर जीव वाचतो. टेलीमानस ही केंद्र सरकारची फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. धोका समोर दिसत असेल, तर ११२ ला फोन करावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे.

पोलीस प्रकरण होईल या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवणारी कुटुंबे आजही आहेत, आणि त्या लपवण्यात उपचाराची वेळ निघून जाते. वर उल्लेख केलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. रुग्णालयात काय घडले ते खरे सांगावे, कारण पोटात काय गेले आहे हे कळल्याखेरीज डॉक्टरांना योग्य उपचार करता येत नाहीत.

डॉक्टरांकडे आणि कामाच्या ठिकाणी

जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण नैराश्य किंवा चिंतेच्या बहुतेक रुग्णांना तिथे भरती व्हावे लागत नाही, आणि हे घरी सांगितले की निम्मी भीती ओसरते. डॉक्टरांना दारू, तंबाखू, आधीची औषधे आणि घरातल्या इतर कुणाचा असा आजार यांविषयी खरे सांगावे. घरचे माणूस बरोबर असले, तरी काही वेळ एकट्याने बोलायला मागावा. थायरॉइडच्या बिघाडानेही उदासी येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर ती टाळू नये.

कार्यालयात निदान सांगणे बंधनकारक समजू नये. ‘माझे वैद्यकीय उपचार चालू आहेत, महिनाभर रात्रपाळी नको’ इतके व्यवस्थापकाला पुरते. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावे असे मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच म्हटले आहे, त्यामुळे पॉलिसीच्या अटी वाचून दावा करावा.

पहिल्या माणसाने हसण्यावारी नेले, तर त्याच्याशी झगडत बसू नये. तोच कागद घेऊन दुसऱ्या माणसाकडे जावे. ज्याने ऐकले, त्याच्याशी आठवडाभराने पुन्हा बोलण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या सहसा काही महिने चालू ठेवाव्या लागतात. त्या एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून त्या कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारूनच. हे सगळे घरातल्या त्या एका माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावे, म्हणजे पुढे कुणी ‘आता बरं आहे ना, मग गोळ्या कशाला?’ असे विचारले, तर उत्तर द्यायला तुमच्या बाजूने आणखी एक जण असेल.